वडिलांनी दडवलेली भूमिती

हवेच्या दाबाचे एकक, संगणकाची एक भाषा आणि बीजगणितातील अंकांचा त्रिकोण या तिन्हींना ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाचे नाव आहे. या गणितज्ञाने शाळेचे तोंड कधी पाहिले नाही. इतकेच नव्हे, तर लहानपणी त्याला गणितापासून दूर ठेवण्याचा वडिलांचा निश्चय होता.

पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी क्लेरमों येथे झाला. तीन वर्षांचे असताना ते आईला मुकले. वडील एत्येन हे करविषयक न्यायालयातील अधिकारी आणि स्वतः जाणते गणिती. १६३१ मध्ये तिन्ही मुलांना घेऊन ते पॅरिसला आले. एकुलत्या मुलाचे शिक्षण त्यांनी इतर कोणाच्या हाती न सोपवता स्वतःच पाहिले.

अभ्यासाचे ओझे मुलावर पडू नये, मूल अभ्यासाहून वरचढ राहावे, हे त्यांचे सूत्र होते. म्हणून लॅटिन बाराव्या वर्षानंतर आणि गणित त्याहूनही पुढे, असा क्रम त्यांनी आखला. गणिताची गोडी एकदा लागली की भाषांकडे दुर्लक्ष होईल, ही त्यांची भीती होती. घरातील गणिताची पुस्तके त्यांनी कुलूपबंद केली आणि मुलासमोर त्या विषयाची चर्चाही टाळली.

भूमिती म्हणजे काय, असे ब्लेझने विचारलेच. अचूक आकृत्या काढण्याचे आणि त्यांच्यातील परस्पर प्रमाण शोधण्याचे शास्त्र, एवढेच उत्तर देऊन वडिलांनी विषय बंद केला. मुलाला तेवढे पुरले. खेळाच्या वेळात तो फरशीवर कोळशाने आकृत्या काढू लागला. संज्ञा ठाऊक नसल्याने रेषेला तो दांडी म्हणे आणि वर्तुळाला गोल. एके दिवशी एत्येन खोलीत आले तेव्हा त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, या सिद्धान्तापर्यंत तो पोहोचला होता. युक्लिडच्या पहिल्या ग्रंथातील हा ३२ वा सिद्धान्त.

ही हकीकत थोरली बहीण जिल्बर्त हिने लिहून ठेवली आहे. मुलाने युक्लिड चोरून वाचला होता, असेही त्या काळी सांगितले जाई. खरे काहीही असो, एत्येन यांनी आपला हट्ट सोडला. त्यांनी युक्लिडचा ग्रंथ मुलाच्या हाती दिला आणि पुढे विद्वान मेर्सेन यांच्याकडे भरणाऱ्या गणितज्ञांच्या बैठकांना त्याला सोबत नेले.

१६४० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पास्कल यांचा शंकुच्छेदांवरील निबंध छापला गेला. त्या सुमारास एत्येन रूआं येथे करवसुलीच्या कामावर होते. आकडेमोडीत त्यांच्या रात्री जात. ते कष्ट हलके करण्यासाठी मुलाने १६४२ मध्ये बेरीज-वजाबाकीचे यंत्र रचण्यास घेतले. १६५४ मध्ये फर्मा यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून संभाव्यताशास्त्राचा पाया घातला गेला.

प्रकृतीने मात्र त्यांना कधी साथ दिली नाही. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, अवघ्या ३९ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांना घरीच शिकविणारे पालक आजही वेळापत्रक आखतात. एत्येन यांनीही ते काळजीपूर्वक आखले होते. पण मुलाची पावले पुढे गेलेली दिसताच ते बाजूला ठेवण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते. पास्कल यांच्या गणिताची वाट तेथूनच मोकळी झाली.