रेव्हरंड नारायण वामन टिळक

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी कसारा हे गाव वसलेले आहे. मुंबईहून निघालेली आगगाडी येथपर्यंत आपल्या बळावर येते. पुढे मात्र थळ घाटाची अवघड चढण लागते. लोक त्यालाच कसाऱ्याचा घाट म्हणतात. येथे दर ३७ फुटांमागे एक फूट इतका चढ आहे. म्हणून कसाऱ्यास गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने जोडतात आणि त्यांच्या रेट्याने गाडी घाट चढून इगतपुरी गाठते. हा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. घाटाच्या खाली कोकणात कल्याण आणि घाटाच्या वर देशावर नाशिक, अशी ही दोन गावे या वाटेने जोडलेली आहेत. मराठी कवितेत ज्यांचे नाव 'फुलामुलांचे कवी' म्हणून आदराने घेतले जाते, त्या नारायण वामन टिळक यांचे बालपण या घाटाच्या खाली गेले आणि विद्याभ्यास घाटावर झाला. त्यांचे पुढील सारे आयुष्यही एका मोठ्या चढणीसारखेच होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांच्या मातोश्री जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. पुत्राच्या ठिकाणी भक्तीचे व कवितेचे बीज त्यांनीच पेरले. आरंभीचे शिक्षण कल्याणास झाले. परंतु लवकरच मातेचे छत्र हरपले. घरात मन रमेना, तेव्हा हा बालक विद्येच्या ओढीने नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वान पंडितांच्या चरणांशी बसून त्याने संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र पुरे झाले नाही. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील कन्येशी त्यांचा विवाह झाला. ही बालवधू म्हणजेच पुढे विख्यात झालेल्या लक्ष्मीबाई टिळक होत.

टिळकांना एके ठिकाणी स्थिर राहणे कधी साधले नाही. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार, अशी अनेक कामे त्यांनी केली. संसाराची ओढाताण होई. परंतु त्यांची खरी तळमळ पोटाची नव्हती. माणसामाणसांतील उच्चनीच भाव त्यांना सहन होत नसे. सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे असतील, तर जन्मावरून भेद का मानावा, हा प्रश्न त्यांना छळीत असे. एखादा नवाच पंथ स्थापावा, असाही विचार त्यांच्या मनात घोळू लागला. पुढे नागपुरास अप्पासाहेब बुटी या धनिकांच्या आश्रयाने ते वेदवाङ्मयासंबंधीचे काम करीत होते. शास्त्रे समोर होती, पांडित्य होते. पण मनाला विसावा नव्हता.

१८९३ साली ते नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. दोघांचे संस्कृत काव्याविषयी बोलणे निघाले आणि हळूहळू ते धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती बायबलमधील नव्या कराराची एक प्रत ठेवली. हा ग्रंथ तुम्ही मनापासून वाचाल, तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असेही त्यांनी बोलून दाखविले. टिळकांना ते भाकीत पटले नाही. तथापि ग्रंथ वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते आणि दिलेले वचन पाळणे त्यांना आवश्यक वाटले. हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत, एखाद्या परीक्षकाप्रमाणे ते वाचू लागले. परंतु येशूने डोंगरावर केलेल्या उपदेशापाशी ते आले आणि तेथेच थबकले. शत्रूवरही प्रेम करावे, गुप्तपणे दान करावे, दुसऱ्याचे दोष पाहण्यापूर्वी आपले पाहावेत, ही शिकवण वाचताना इतक्या दिवसांच्या आपल्या प्रश्नांचे उत्तर सापडते आहे असे त्यांना वाटले. पुढील दोन वर्षे वाचन, प्रार्थना आणि मनाशी झगडा यांत गेली.

निर्णय सोपा नव्हता. त्या काळी धर्मांतर करणाऱ्यास घर, जात, मित्र आणि उपजीविका या सर्वांस मुकावे लागे. टिळक ज्या दिवशी ख्रिस्ती होतील, त्या दिवशी त्यांच्या पत्नीला व लहानग्या पुत्राला त्यांच्यासोबत एका पंगतीस बसता येणार नव्हते. तरीही अंतःकरणास जे सत्य पटले ते लपवून ठेवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दीक्षा देणारे रेव्हरंड तुकाराम नथोजी हेही महाराष्ट्रीयच होते.

ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानी पडली, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नींना वेगळे राहावे लागले. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन पंढरपुरास नातलगांच्या आश्रयास राहिल्या. त्यांनी जे दुःख सोसले, ते पुढे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी अत्यंत सरळपणे सांगितले आहे. सत्यासाठी टिळकांनी किंमत दिली खरी. पण त्या किंमतीतील मोठा वाटा, काही अपराध नसताना, लक्ष्मीबाईंनी दिला, हे विसरता येत नाही. टिळकांनाही त्याची जाणीव होती. त्यांनी दुसरा संसार मांडला नाही आणि पत्नीची वाट पाहणे सोडले नाही.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या. परंतु आपला धर्म आणि आपले सोवळे त्यांनी सोबत आणले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, अशी व्यवस्था राहिली. टिळकांनी त्यांच्यावर मताचा भार घातला नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा लक्ष्मीबाईंनी आपल्या बुद्धीने विचार केला आणि एके दिवशी भेदाची ती भिंत त्यांनी आपल्याच हाताने दूर केली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे या दांपत्याच्या घरी अनाथ मुलांना आसरा मिळाला. जातीची विचारपूस न करता सर्वांना एकत्र वाढणारे ते घर हेच त्यांच्या श्रद्धेचे प्रत्यक्ष रूप ठरले.

१९०४ साली टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. अहमदनगरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत ते शिकवीत असत. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले. त्या काळच्या ख्रिस्ती उपासनेत परकी चालीची गीते गाइली जात. देवाची भक्ती मायबोलीत आणि मायभूमीच्या सुरांत व्हावी, असा टिळकांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी टाळ, वीणा आणि मृदंग यांच्या साथीने भजने व कीर्तने केली आणि ख्रिस्ताच्या स्तुतिपर अभंग रचले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत त्यांची अनेक गीते आजही गाइली जातात. तुकारामांच्या अभंगांनीच आपणास ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचविले, असे ते कृतज्ञतेने मानीत. धर्म बदलला, तरी देश, भाषा आणि संतांची परंपरा यांच्याशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही.

त्यांच्या मनाचा मोठेपणा आणखी एका गोष्टीत दिसून येतो. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले होते. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाची कविता सर्वांना मोहून गेली. हेच आपले बालकवी. या निराधार मुलास टिळकांनी पुढे आपल्या घरी नेले आणि पुत्राप्रमाणे वागविले. स्नेहाच्या मोबदल्यात त्यांनी त्याच्याकडे धर्मांतराची अपेक्षा ठेवली नाही.

वय वाढत चालले, तशी टिळकांची साधना अधिक खोल होत गेली. ख्रिस्ती मंडळीतही भेद, मान आणि पैसा यांचा शिरकाव होतो, हे पाहून ते कष्टी होत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले. सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी येथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. परंतु देहाची साथ सरत आली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहास अग्निसंस्कार देण्यात आला.

त्यांचे एक मोठे काम अपुरे राहिले होते. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोमंतकात १६१६ साली प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर तीन शतकांनी ख्रिस्तचरित्र पुन्हा ओवीत सांगण्याचा संकल्प टिळकांनी केला आणि 'ख्रिस्तायन' या महाकाव्यास आरंभ केला. काही अध्याय होतात न होतात, तोच लेखणी थांबली. तेव्हा लक्ष्मीबाईंनी ती उचलली. ज्यांचे शिक्षण शाळेत झाले नव्हते, ज्यांनी एकेकाळी याच श्रद्धेपायी वियोग भोगला होता, त्यांनी अनेक वर्षे खपून उरलेले अध्याय रचले. १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंचा आहे.

कसाऱ्याच्या घाटात गाडी चढताना प्रवाशांची दृष्टी पुढच्या इंजिनाकडे जाते. मागून रेटा देणारे इंजिन बहुधा दिसत नाही. टिळकांच्या चढणीत त्यांचे धैर्य पुढे होते. त्यांच्या मागे मातेचे संस्कार होते, संतांचे अभंग होते, बंधुभावाने राहणारी माणसे होती आणि उशिरा आलेल्या, पण शेवटपर्यंत न थांबलेल्या लक्ष्मीबाई होत्या.