विश्लेषण : मुंबईत प्लेगची प्रयोगशाळा उभारणाऱ्या हाफकिन यांनाच ती का सोडावी लागली?

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांच्या परिचयाची आहे. वाल्देमार हाफकिन यांनी ती प्लेगच्या साथीत उभी केली आणि साथ सुरू असतानाच त्यांना तिच्यापासून दूर व्हावे लागले.

हाफकिन मुंबईत कसे आले?

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना त्यांनी १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाठोपाठ सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले.

प्रयोगशाळा कशी उभी राहिली?

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, बाहेरची पडवी आणि मोजकीच माणसे मिळाली. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यात ते प्लेगचे जंतू वाढवत आणि मग उष्णता देऊन मारत. मारलेल्या जंतूंचा हा द्रव म्हणजेच लस. धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून मांस बकऱ्याचे असे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली.

लस मिळाली, पण लोक टोचून घेणार कसे? घरझडत्यांमुळे सरकारी माणूस दिसला तरी लोक धास्तावत. पुण्यात त्याच वर्षी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वेळी तिसऱ्या आगाखानांनी जाहीरपणे लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली, तिथेच आजही संस्था आहे.

मुलकोवालमध्ये काय घडले?

मागणी वाढत होती. उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून परळमध्ये लशीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. खरे तर बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले. पण परळहून निघालेली बाटली गावात कशी हाताळली जाते, याकडे आयोगाने पुरेसे लक्ष दिले नाही. प्रयोगशाळेची जबाबदारी नेमकी कुठे संपते, हा प्रश्न तेव्हा कुणी नीट विचारलाच नाही.

त्यांना न्याय मिळाला का?

अर्धाच. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. दोष दूर झाला, ते भारतात परतलेही, पण कोलकात्यात. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपला गेले.

दरम्यान प्रयोगशाळेचे काम प्लेगपुरते राहिले नाही. १९०६ मध्ये ती मुंबई जीवाणूशास्त्र प्रयोगशाळा झाली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव दिले गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९३० मध्ये, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.