पाउल माउझर

पीटर पाउल माउझर (२७ जून १८३८ – २९ मे १९१४) हे जर्मन शस्त्रसंशोधक व कारखानदार होते. त्यांनी १८९८ मध्ये पूर्णत्वास नेलेली बोल्ट-ॲक्शन रायफल सैन्यासाठी होती. तथापि हत्ती, रानरेडा, वाघ अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या रायफली आजही तिच्याच मापाने मोजल्या जातात. भारतात हे नाव प्रामुख्याने माउझर पिस्तुलामुळे परिचित असले, तरी ते पिस्तूल मुख्यतः त्यांच्या कारखान्यातील फेडरले बंधूंनी घडवले होते.

== जीवन ==
माउझर यांचा जन्म वुर्टेमबर्ग राज्यातील ओबर्नडोर्फ येथे झाला. तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील तेथील सरकारी शस्त्र कारखान्यात कारागीर होते. १८५९ मध्ये पाउल यांनी तोफखान्यात सैनिकी सेवा केली. त्या काळी प्रशियाच्या सैन्याकडे ड्रायझे यांची सुई-बंदूक होती. तिची लांब सुई कागदी काडतूस भेदून जाई आणि मागील सांध्यातून वायू गळे. पाउल व थोरले बंधू विल्हेल्म यांनी धातूच्या काडतुसासाठी नवा बोल्ट तयार केला. तो फिरवताच आघातसुई आपोआप ताणली जाई. १८७१ मध्ये जर्मन सैन्याने त्यांची एकबारी रायफल स्वीकारली, परंतु उत्पादन सरकारी कारखान्यांकडे गेले. संशोधकांच्या वाट्याला आरंभी आले ते केवळ नेमपट्ट्या बनवण्याचे काम.

१८७४ मध्ये बंधूंनी बँकेच्या साहाय्याने ओबर्नडोर्फचा तोच सरकारी कारखाना विकत घेतला. व्यवहाराची बाजू सांभाळणारे विल्हेल्म १८८२ मध्ये निवर्तले. पुढे कारखान्याची मालकी बर्लिनच्या भांडवलदारांकडे गेली आणि पाउल तांत्रिक प्रमुख म्हणून राहिले. १८८८ मध्ये जर्मन सैन्याने त्यांना डावलून एका आयोगाने आखलेली रायफल निवडली. त्यानंतरची दहा वर्षे माउझर यांनी बेल्जियम, तुर्कस्तान, स्पेन, स्वीडन अशा परक्या ग्राहकांसाठी रचनेत एकेक सुधारणा केली. त्या सर्वांचा मेळ घातलेली रायफल अखेर ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मनीने स्वीकारली. १८९८ ते १९०३ या काळात ते जर्मन संसदेचे सदस्य होते. १९०१ मध्ये स्वयंभरण रायफलीच्या चाचणीत झालेल्या अपघातात त्यांनी एक डोळा गमावला, तरी काम थांबवले नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी दोन महिने त्यांचे निधन झाले.

== रचना ==
या रायफलीचा बोल्ट पुढील दोन कड्यांनी बंद होतो. त्या तुटल्या तरी मागची तिसरी कडी तो रोखून धरते. काडतूस फुटल्यास वायू बाजूला वळवण्यासाठी बोल्टला छिद्रे आणि मागे रुंद आडोसा आहे. शिकाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची मात्र नखासारखी लांब पोलादी पट्टी. मॅगझिनमधून काडतूस वर येतानाच ती त्याची कड पकडते आणि पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. अंगावर येणाऱ्या जनावरासमोर गडबडलेल्या शिकाऱ्याने बोल्ट अर्धवट ढकलून मागे ओढला, तर तेच काडतूस परत येते. काडतूस नुसते पुढे ढकलणाऱ्या रचनेत ते नळीच्या तोंडाशीच राहू शकते आणि दुसरे त्यावर अडकते. अशा क्षणी रायफल निकामी होणे जिवावर बेतते.

रचनेत उणिवाही आहेत. मूळ सुरक्षा-खटका वर उभा राहत असल्याने दुर्बीण खाली बसवता येत नाही. पोलाद कोरण्याचे काम मोठे असल्याने खर्चही बराच येतो.

== शिकारी रायफली ==
दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारा करतील अशा हाताने जुळवाव्या लागत, म्हणून तिची किंमत फार असे. माउझर रचनेमुळे तुलनेने कमी खर्चात चार-पाच गोळ्यांची भरवशाची रायफल मिळू लागली. लंडनच्या रिग्बी या पेढीने या रचनेवर शिकारी रायफली बांधल्या, १९११ च्या.४१६ रिग्बी काडतुसासाठी माउझरची अधिक लांब ॲक्शन वापरण्यात आली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी हीदेखील माउझर ॲक्शनचीच होती.

केवळ माउझर हे नाव दर्जाची हमी देत नाही. शांततेच्या काळातील ॲक्शन बारकाईने घासलेल्या व सुबक आहेत, तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या ओबडधोबड आहेत. अमेरिकेत १९३६ च्या विंचेस्टर मॉडेल ७० ने नखपट्टी स्वीकारली होती. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने ती काढली, तेव्हा शिकारी नाराज झाले आणि जुन्या रायफलींना मागणी वाढली. १९६२ ची रेमिंग्टन ७०० काडतूस ढकलणारीच असून अचूकतेसाठी नावाजली गेली. हरणाच्या शिकारीस ती पुरेशी ठरते. विंचेस्टरने मात्र १९९० च्या दशकात नखपट्टी पुन्हा आणली.