एड्सगर डायक्स्ट्रा: बूट क्रॅशनंतर मला भेटलेला माणूस

फोन चालू केला की लोगो दिसतो आणि फोन पुन्हा रिस्टार्ट होतो. हा बूट क्रॅश तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मध्यंतरी माझ्या कामात असाच एक आला, तोही दरवेळी नाही, कधीतरीच. तीन दिवसांनी कारण सापडलं. एका ड्रायव्हरने स्वतःचा डेटा तयार होण्याआधीच इंटरप्ट सुरू केला होता. इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला काम चालू असताना मारलेली हाक. हाक लवकर आली की कर्नल कोसळायचा. दोन ओळींची अदलाबदल केली आणि फोन बूट झाला.

पण आजूबाजूचा कोड गुंताच होता. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? याच प्रश्नात अडकलो असताना मी डायक्स्ट्रा वाचायला घेतले.

प्रोग्रॅमर? असा व्यवसाय नसतो!

त्यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. भौतिकशास्त्र शिकताना १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला आणि पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये कामाला लागले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रॅमर' सांगितला, तर तो मान्यच झाला नाही! शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं.

कॉलेजात आपण त्यांचं नाव शॉर्टेस्ट पाथसाठी पाठ करतो. तो अल्गोरिदम त्यांना १९५६ मध्ये कॅफेत बसल्या बसल्या सुचला, कागद-पेनाशिवाय.

इंटरप्टची भीती

एक्स-वन या कॉम्प्युटरमध्ये इंटरप्ट येणार हे कळल्यावर ते चक्क घाबरले. हाक कधी येईल सांगता येत नाही, म्हणजे चूक झाली तर ती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. अगदी माझ्या क्रॅशसारखी. तरी त्यांनी तो कोड लिहिला आणि १९५९ मध्ये याच कामावर पीएचडी मिळवली.

पुढे आइंडहोव्हनला छोट्या टीमसोबत त्यांनी टीएचई ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवली. तिचे थर पाडले. सगळ्यात खालच्या थरात प्रोसेसरचं वाटप, त्यावर मेमरी, मग पुढचं. एक थर नीट तपासल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. एकाच गोष्टीसाठी दोन कामांची झटापट होऊ नये म्हणून त्यांनी सेमाफोर आणला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं. टेस्टिंगमध्ये सापडल्या त्या फक्त किरकोळ चुका.

१९६८ मध्ये गोटू कमांडविरुद्धचं त्यांचं पत्र गाजलं. १९७२ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते अमेरिकेत ऑस्टिनला शिकवत होते. त्यांनी तेराशेच्या वर टिपणं लिहिली, बरीचशी फाउंटन पेनने. ६ ऑगस्ट २००२ ला ते नेदरलँड्समध्ये वारले.

मग मी काय केलं?

त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली: फोन बूट झाला म्हणजे कोड बरोबर आहे असं नाही. कोड वाचूनच तो बरोबर का आहे ते कळलं पाहिजे. म्हणून दुरुस्ती वेगळी ठेवली आणि साफसफाई छोट्या तुकड्यांत केली, प्रत्येक तुकड्यानंतर बूट करून. आधी डेटा, मग लॉक, शेवटी इंटरप्ट, हा क्रम आता वरून खाली सरळ दिसतो.

गोटू मात्र राहिले. लिनक्स कर्नलमध्ये एरर आल्यावर घेतलेलं सगळं परत करायला ते चालतात. माझे सगळे फक्त खालीच उडी मारतात. डायक्स्ट्रांनी तरीही नाक मुरडलं असतं, असं मला वाटतं!