भट्टीचा तपस्वी : बर्नार्ड पालिसी

इंदुरात आमच्या घरोघरी लोणच्याची बरणी असते. तिच्या तुळतुळीत झिलईकडे मात्र आम्ही क्वचितच निरखून पाहतो. झिलई म्हणजे आगीत वितळून मातीला चिकटलेला काचेचा पातळ थर. तिच्या ध्यासापायी फ्रान्समधील बर्नार्ड पालिसीने सर्वस्व पणाला लावले.

त्याचा जन्म १५१० च्या सुमाराचा. काचेवर चित्रे रंगवून व जमिनीची मोजणी करून तो पोट भरी. एकदा शुभ्र झिलईचा पेला त्याच्या दृष्टीस पडला, आणि तिचे रहस्य शोधण्याचा त्याने निश्चय केला. द्रव्ये कुटावीत, खापरांवर लेपावीत, भाजावीत व निराश व्हावे, असे सुमारे सोळा वर्षे चालले. एकदा लेप वितळण्यापूर्वीच सरपण संपले. तेव्हा त्याने घरातील मेजे व जमिनीच्या फळ्या भट्टीत घातल्या. घरात दारिद्र्य, बाहेर उपहास! अखेर तांब्याचा हिरवा, कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, असे रंग त्याला वश झाले. सर्प, बेडूक, मासे यांनी नटलेली त्याची तबके राजदरबारी पोचली.

पुढे आपले प्रॉटेस्टंट मत सोडण्यास नकार दिल्याने तो वृद्धपणी कैदेत पडला व १५९० च्या सुमारास पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात निवर्तला.

कुटुंबाची झालेली आबाळ आम्ही आदर्श मानणार नाही. परंतु फसलेल्या प्रत्येक भट्टीपासून शिकण्याची त्याची चिकाटी आम्ही विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावी.