शेतघरातला कुंचला

१९३८ च्या वसंतातली गोष्ट. लुई कॅल्डोर हे न्यूयॉर्क शहरातले अभियंते. चित्रे जमविण्याचा त्यांना नाद होता. प्रवासात असताना ते हूसिक फॉल्स या लहानशा गावातील औषधांच्या दुकानापुढे थांबले. दुकानाच्या काचेआड काही चित्रे मांडलेली होती. निळसर टेकड्या, बर्फाने झाकलेली शेते, गाई, घोडागाड्या आणि मुंग्यांएवढी, पण कामात गढलेली माणसे. किंमत ३ ते ५ डॉलर, तीही चित्राच्या आकारावरून ठरविलेली. कॅल्डोर यांनी दुकानातील सगळी चित्रे विकत घेतली आणि पत्ता विचारत चित्रकर्तीचे शेत गाठले. ती बाहेर गेली होती. सुनेने मात्र उत्साहाच्या भरात सांगून टाकले, की घरात आणखी दहा चित्रे आहेत, उद्या या. रात्री सासूबाईंनी शोधाशोध केली तेव्हा चित्रे नऊच निघाली. शब्द तर दिला गेला होता. मग त्यांनी एक मोठे चित्र मधोमध कापले, दोन चौकटींत बसविले आणि दहाचा आकडा पुरा केला.

या बाईंचे नाव अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस. तेव्हा त्यांचे वय ७७ होते. पुढे साऱ्या जगाने त्यांना ग्रँडमा मोझेस, म्हणजे मोझेस आजी, या नावाने ओळखले. चित्राचे दोन तुकडे करताना त्यांचा हात कचरला नाही, यात कलेविषयीची बेपर्वाई शोधणे चुकीचे ठरेल. त्यांच्या लेखी चित्र ही घरात निगुतीने केलेली एक वस्तू होती. लोण्याच्या गोळ्यासारखी, मुरंब्याच्या बरणीसारखी. गिऱ्हाइकाला सांगितलेली संख्या भरली पाहिजे, हा त्या घराचा रिवाज होता.

अ‍ॅना मेरीचा जन्म ७ सप्टेंबर १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनिच या गावी झाला. गगनचुंबी इमारतींच्या शहरापासून दूर, व्हरमाँट राज्याच्या सीमेलगतचा हा शेतीचा मुलूख. दहा भावंडांत ती तिसरी. वडील शेती करीत आणि जवसाच्या दांड्यांपासून धागा काढण्याची गिरणी चालवीत. त्यांना स्वतःला रंगांची आवड होती. आजारपणात घरी बसावे लागले तेव्हा त्यांनी खोलीच्या भिंतींवर निसर्गदृश्ये रंगविली होती. मुलांसाठी ते वर्तमानपत्राचे कोरे कागद विकत आणीत. एका पेनीला एक ताव. खाऊ लगेच संपतो, कागद पुष्कळ वेळ पुरतो, असा त्यामागचा साधा हिशेब. त्या कागदांवर ही मुलगी द्राक्षांचा आणि रानफळांचा रस रंग म्हणून वापरी.

हे सुख फार काळ टिकले नाही. वयाच्या बाराव्या वर्षी तिला दुसऱ्यांच्या घरी कामाला जावे लागले. स्वयंपाक, धुणी, शिवण, म्हाताऱ्यांची सेवा यांत पुढची पंधरा वर्षे गेली. एका मालकीणबाईंच्या घरात भिंतींवर रंगीत छापील चित्रे होती. ही मुलगी ती टक लावून पाहते हे लक्षात येताच त्या कुटुंबाने तिला खडू आणि रंगकांड्या आणून दिल्या. पण चुलीपुढून उठून कागद घेऊन बसण्याची सवड मोलकरणीला कुठून मिळणार? चित्रांचा विषय तिथेच मागे पडला.

१८८७ मध्ये, २७ व्या वर्षी, त्यांनी थॉमस सॅमन मोझेस या शेतमजुराशी लग्न केले. दोघे नशीब आजमावायला दक्षिणेकडे निघाले. वाटेत व्हर्जिनिया राज्यातील स्टाँटन येथे मुक्काम पडला आणि शेनँडोआ नदीच्या खोऱ्यातच त्यांचा संसार रुजला. शेत खंडाने घेतले. अ‍ॅना मेरी यांनी साठविलेल्या पैशांतून गाय घेतली, लोणी काढून विकायला सुरुवात केली. पुढे बटाट्याचे काप तळून विकण्याचाही उद्योग केला. नवऱ्याच्या कमाईवर बसून खाणे त्यांना मानवणारे नव्हते. त्या खोऱ्यात त्यांना दहा मुले झाली आणि त्यांतली पाच तान्हेपणीच गेली. १९०५ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यात ईगल ब्रिज येथे परतले, तेव्हा ती पाच थडगी मागे राहिली.

ईगल ब्रिजच्या शेताला त्यांनी माउंट नेबो हे नाव दिले. बायबलमधील मोझेस याच नावाच्या डोंगरावरून आपल्याला वचन दिलेली भूमी पाहतो आणि तिथेच देह ठेवतो. १९२७ मध्ये थॉमस मोझेस याच शेतावर हृदयविकाराने गेले.

या घरातील पहिले मोठे चित्र १९१८ चे. दिवाणखान्याच्या भिंतींना कागद लावण्याचे काम चालू होते आणि शेकोटीचे तोंड झाकणाऱ्या फळीपुरता कागद कमी पडला. अ‍ॅना मेरी यांनी फळीवर कोरा कागद चिकटविला आणि त्यावर झाडे व पाणी रंगवून टाकले. अडले म्हणून केलेले काम. त्यानंतरही अनेक वर्षे कुंचल्याला नियमित स्थान मिळाले नाही.

ते मिळाले आजारपणामुळे, आणि तेही आधी लेकीच्या. त्यांची मुलगी सीमेपलीकडच्या बेनिंग्टन गावात क्षयाने आजारी होती. आई शुश्रूषेला गेली. लेकीने कुठेतरी लोकरीच्या धाग्यांनी भरलेले चित्र पाहिले होते, तसे करून दे म्हणून तिने आईकडे हट्ट धरला. आईने ते केले आणि मग अशी आणखी पुष्कळ चित्रे भरली. लेक वाचली नाही. भरतकाम मात्र चालू राहिले. पुढे संधिवाताने बोटे आखडली, सुई धरवेना. तेव्हा बहीण सेलेस्टिया हिने सुचविले, की सुईपेक्षा कुंचला धरणे सोपे जाईल. वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास, हात रिकामे राहू नयेत म्हणून, अशा रीतीने रंग हाती आले. गावच्या जत्रेत त्यांनी मुरंबे आणि फळांच्या बरण्यांबरोबर काही चित्रेही मांडली. मुरंब्यांना बक्षिसे मिळाली. चित्रांना काही मिळाले नाही.

त्यांची काम करण्याची रीत पाहण्यासारखी होती. आधी जुनी चौकट शोधायची, मग तिच्या मापाची दाबीव लाकडाची फळी कापायची. फळीला जवसाचे तेल लावायचे, त्यावर पांढऱ्या रंगाचे तीन हात द्यायचे. फळी टेबलावर आडवी ठेवून, खुर्चीत बसून, वरून खाली रंगवीत यायचे. प्रथम आकाश, मग डोंगर, टेकड्या, झाडे, घरे, मग जनावरे आणि सर्वांत शेवटी माणसे. एकाच वेळी तीन-चार चित्रे हाताखाली असत, म्हणजे काढलेला रंग वाया जात नसे. डोळे, तोंड अशा बारीक गोष्टींसाठी टाचणी किंवा काडेपेटीतील काडी पुरे. मासिकांतून आणि शुभेच्छापत्रांतून कापलेल्या आकृत्यांचा साठा जवळ होता. घोडा किंवा बग्गी हवी तशी सापडली, की तिचा आकार गिरवून घेत.

माणसे गिरवलेली असोत, टेकड्या मात्र त्यांच्या स्वतःच्या होत्या. जवळच्या शेताचा पोपटी, पलीकडच्या रानाचा गडद हिरवा आणि क्षितिजावर धुक्यात विरत जाणारा निळा, या रंगांच्या पायऱ्यांवरून नजर आपोआप दूर जाते. कोणत्याही कलाशाळेने हे त्यांना शिकविले नव्हते. आयुष्यभर खिडकीतून, अंगणातून आणि गोठ्याच्या दारातून पाहिलेल्या दरीने शिकविले होते. बर्फावर त्या चमकी भुरभुरवीत. जाणकारांना ते खटकले, तरी त्यांनी ऐकले नाही. उन्हात बर्फ चमकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१९४३ चे ‘शुगरिंग ऑफ’ हे चित्र पाहावे. हिवाळा सरताना मेपल वृक्षांना भोक पाडून रस गोळा करतात आणि तो उघड्यावर मोठ्या कढयांत आटवून साखर करतात. थेट आपल्याकडच्या गुऱ्हाळाची आठवण यावी असा हा प्रसंग. चित्रात कुणी बादल्या वाहतो आहे, कुणी जाळ सारतो आहे, जनावरे गाडीला जुंपलेली आहेत, मुले गरम पाक बर्फावर ओतून चाखण्याच्या घाईत आहेत. नुसते उभे राहून निसर्गशोभा पाहणारे जवळजवळ कुणी नाही. निसर्गचित्रांत गुरे बहुधा शोभेला असतात. मोझेस आजींची गुरे कामाची आहेत. त्यांना दावणीला बांधावे लागते, धार काढावी लागते. ज्या हाताने दूध काढले त्याच हाताने ती रंगविलेली आहेत.

कॅल्डोर चित्रे घेऊन न्यूयॉर्कला गेले खरे, पण तिथल्या विक्रेत्यांचा उत्साह चित्रकर्तीचे वय ऐकताच मावळे. ऐंशीच्या घरात पोचलेल्या बाईवर पैसा लावून परतावा कधी मिळणार, हा त्यांचा व्यवहार. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, केवळ सभासदांसाठी भरलेल्या प्रदर्शनात, तीन चित्रे लागली. ऑक्टोबर १९४० मध्ये ऑटो कालीर यांनी आपल्या दालनात आजींचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. कालीर हे व्हिएन्नाहून नाझींच्या भीतीने परागंदा झालेले कलाव्यापारी होते. प्रदर्शनाच्या नावाचा अर्थ साधारण एका शेतकरणीने काय रंगविले, असा होता. आजी त्याला गेल्याच नाहीत. आपलीच चित्रे पाहायला एवढ्या लांब कशाला जायचे? पुढच्याच महिन्यात एका मोठ्या दुकानाने ती चित्रे मांडली, तेव्हा मात्र त्या काळी टोपी आणि लेसची कॉलर घालून शहरात आल्या, आणि जमलेल्या मंडळींसमोर मुख्यतः मुरंब्यांविषयी बोलल्या.

पुढचे सगळे वेगाने घडले. महायुद्धाच्या आणि नंतरच्या अस्वस्थ काळात अमेरिकेला आपले हरवलेले गाव या चित्रांत सापडले. शुभेच्छापत्रांवर ही चित्रे लक्षावधी घरांत गेली. १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. १९५० मध्ये चित्रे युरोपच्या दौऱ्यावर गेली. १९५२ मध्ये आत्मचरित्र आले. शंभरावा वाढदिवस न्यूयॉर्क राज्याने त्यांच्या नावाचा दिवस म्हणून साजरा केला.

या कीर्तीने एक नुकसानही केले. गोड, हसऱ्या आजीची प्रतिमा इतकी मोठी झाली, की तिच्याआड राबणारी बाई दिसेनाशी झाली. नव्या अमूर्त चित्रकलेच्या पाठीराख्या समीक्षकांनी त्यांना हौशी ठरवून बाजूला सारले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. त्यांच्या चित्रांतून विजेचे खांब आणि ट्रॅक्टर वगळलेले असत. तान्ह्या मुलांची थडगी, लेकीचा क्षय, परक्या घरची पंधरा वर्षे, यांनाही त्यांत जवळजवळ जागा नव्हती. दुःख त्यांनी भरपूर पाहिले होते. ते भिंतीवर टांगण्याजोगे त्यांना वाटले नसावे.

हौशी हा शब्द तरी त्यांना कितपत लागू पडतो? हौसेला फावला वेळ लागतो, आणि तो त्यांना साठ वर्षे मिळाला नाही. चित्रे काढली नसती तर कोंबड्या पाळल्या असत्या, असे त्या सहज सांगत. लोकांना तो विनय वाटे. वास्तविक त्यात त्यांचा सरळ विचार होता, की नीट केलेले कोणतेही काम दुसऱ्याहून हलके नसते. जगाने त्यांच्या लोण्याची दखल घेतली नाही आणि चित्रांची घेतली. त्यांनी स्वतः दोन्हींत भेद केला नाही. मात्र बाराव्या वर्षी हातातून सुटलेला रंग बाविसाव्या वर्षी परत मिळाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांच्यापुरताच नाही. ज्या घरांतील बायांच्या हाती तो कधीच परत येत नाही, त्या सगळ्यांचा तो आहे.

१९६१ च्या उन्हाळ्यात पडण्याचे निमित्त झाले आणि त्यांना हूसिक फॉल्सच्या शुश्रूषागृहात हलविले. तिथे रंगविण्यास मनाई होती. आजींनी डॉक्टरांचा स्टेथोस्कोप लपविला आणि मला ईगल ब्रिजला घरी पोचवा, तरच तो परत मिळेल, अशी अट घातली. त्या घरी जाऊ शकल्या नाहीत. १३ डिसेंबर १९६१ रोजी, १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे दीड हजारांहून अधिक चित्रे राहिली. २००६ मध्ये ‘शुगरिंग ऑफ’ लिलावात १२ लाख डॉलरला गेले. त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह आज बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच गावात एका आजारी मुलीने आपल्या आईकडे लोकरीचे चित्र मागितले होते.