सोनिया हेनी : बर्फावरची राणी आणि घरातला तो फोटो

फ्रान्समधल्या शामोनी गावात १९२४ मध्ये पहिली हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरली. फिगर स्केटिंग, म्हणजे बर्फावरच्या नृत्यात, आठ जणी उतरल्या होत्या. त्यात शेवटची, आठवी आली ती नॉर्वेची ११ वर्षांची पोर. मध्येच पुढचं विसरली की ती घसरत कडेला यायची, प्रशिक्षकाला विचारायची आणि पुन्हा आत जायची, असं सांगतात. बाकीच्या बायकांचे झगे पोटरीपर्यंत, हिचा मात्र आखूड, कारण ती लहान मुलगीच होती. पुढे हाच आखूड झगा आणि पायातले पांढरे बूट जगभरच्या मुलींनी उचलले.

ही सोनिया हेनी. जन्म ८ एप्रिल १९१२, ओस्लोचा. त्या वेळी या शहराचं नाव क्रिस्तियानिया होतं. वडील विल्हेल्म हे फरच्या कपड्यांचे बडे व्यापारी आणि तरुणपणी सायकल शर्यतीतले जगज्जेते. घरात पैशाला तोटा नव्हता. मुलीच्या अंगात काय आहे हे बापाने लवकर ओळखलं आणि शिक्षक, प्रवास, कपडे कशातच हात आखडता घेतला नाही. तिला बॅलेही शिकवलं गेलं. अ‍ॅना पावलोव्हा ही रशियन नर्तिका तिचं दैवत. तोवर स्केटिंग म्हणजे बर्फावर अचूक आकडे आणि वळणं काढण्याची कसरत होती. सोनियाने त्यात नाच आणला.

१९२७ मध्ये ओस्लोतच ती पहिल्यांदा जगज्जेती झाली. पण त्या विजयाला गालबोट लागलं. पाच परीक्षकांपैकी तिघे नॉर्वेचे, आणि त्या तिघांनीच तिला पहिलं ठरवलं. ऑस्ट्रियाची आधीची विजेती हेर्मा साबो चिडली, आणि त्यानंतर एका देशाचा एकच परीक्षक असा नियम करावा लागला. घरच्या मैदानात घरचेच पंच म्हटल्यावर दुसरं काय होणार? मात्र नियम बदलल्यावरही सोनिया हरली नाही, हेही तितकंच खरं. १९२७ ते १९३६ अशी सलग १० जागतिक विजेतेपदं आणि १९२८, १९३२, १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं तिने मिळवली.

तिच्या आयुष्यातला डाग मात्र याच शेवटच्या वर्षातला. बर्लिनमध्ये एका कार्यक्रमात समोर हिटलर बसला होता आणि सोनियाने हात उंचावून त्याला नाझी पद्धतीचा सलाम ठोकला. नॉर्वेची वर्तमानपत्रं तिच्यावर तुटून पडली. पण बाई कोणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती. गार्मिशच्या ऑलिंपिकनंतर हिटलरने जेवायला बोलावलं, तेव्हा ती आईवडिलांसह गेली आणि त्याच्या सहीचा फोटो घेऊन परतली. तिला राजकारण कळत नव्हतं, असा बचाव अनेकांनी केला. एवढी व्यवहारी बाई इतकी भोळी असेल, हे पटणं कठीण आहे.

तिचा व्यवहार कसा होता ते अमेरिकेत दिसलं. १९३६ मध्येच स्पर्धा सोडून ती हॉलिवूडला पोचली. स्टुडिओंचे उंबरे झिजवत बसण्याऐवजी बापलेकींनी तिथला बर्फाचा रिंकच भाड्याने घेतला, कार्यक्रम लावला आणि निर्मात्यांनाच तिथे यायला लावलं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा डॅरिल झॅनक आला. पहिल्याच सिनेमात नायिकेची भूमिका हवी, या हट्टावर ती अडून राहिली आणि ती तिला मिळालीही. त्याच वर्षाअखेर 'वन इन अ मिलियन' लागला. १९३७ मध्ये टायरोन पॉवरबरोबर 'थिन आइस' आला. १९३८ साली अमेरिकेत गल्ला खेचणाऱ्या कलाकारांच्या यादीत शर्ली टेंपल आणि क्लार्क गेबल यांच्या पाठोपाठ तिसरं नाव सोनियाचं होतं. अभिनय बेताचाच होता. पण गालावर खळी, सोनेरी केस, अंगावर चमचमता पोशाख, आणि कथेत कुठून तरी बर्फ आला की प्रेक्षक खूश. 'सन व्हॅली सेरेनेड' (१९४१) हा तिचा सगळ्यात लक्षात राहिलेला सिनेमा. त्यातही संगीताचं श्रेय ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाला द्यायला हवं. सिनेमाच्या जोडीला तिचे बर्फावरचे खेळ गावोगाव होत आणि त्यातून तिने बक्कळ पैसा केला.

९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या. सोनिया अमेरिकेत होती. तिच्या नॉर्वेतल्या घरात तो सहीचा फोटो दर्शनी जागी लावला गेला आणि त्यामुळे जर्मनांनी घराला हात लावला नाही, असं सांगितलं जातं. देशबांधव परदेशात राहून लढ्यासाठी निधी उभा करत होते, तेव्हा सोनिया मदतीला फारशी पुढे आली नाही, हा राग तर अनेक वर्षं टिकला. १९४१ मध्ये तिने अमेरिकेचं नागरिकत्वही घेतलं.

युद्धानंतर सिनेमे आटले. १९५२ मध्ये बाल्टिमोरला तिच्या खेळाआधी प्रेक्षकांच्या बैठकीचा भाग कोसळला आणि शेकडो माणसं जखमी झाली. एक लग्न मोडलं होतं, दारूही वाढली होती.

अशात १९५३ मध्ये ती खेळ घेऊन ओस्लोला आली. लोक तोंड फिरवतील अशी धाकधूक असणार. पण लोकांनी गर्दी केली आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी माफ केलं असं नाही. तिकीट काढून आलेल्यांत तिच्यावर रागावलेलेही असतीलच.

१९५६ मध्ये तिने लहानपणापासून ओळखीच्या नील्स ऑनस्टाड या नॉर्वेजियन जहाजमालकाशी लग्न केलं आणि स्पर्धेचं, खेळाचं जग मागे ठेवलं. दोघांनी पिकासो, मातीस, मिरो यांची चित्रं जमवली. हा सगळा संग्रह देशाला देऊन ओस्लोजवळ, समुद्राच्या खाडीला लागून, होविकोडन इथे १९६८ मध्ये कलाकेंद्र उघडलं.

तोवर तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. १२ ऑक्टोबर १९६९ रोजी पॅरिसहून ओस्लोला उपचारांसाठी नेत असताना विमानातच तिने प्राण सोडला. वय ५७. कलाकेंद्राच्या वरच्या टेकडीवर तिला पुरलं. खाली, आधुनिक चित्रांच्या त्याच इमारतीत, तिचे चषक आणि पदकं एका दालनात मांडलेली आहेत.